न मोजलेले कान

कोल्हापूर
९ ऑक्टोबर २००४

प्रिय राजवीर,

सप्रेम जयभीम. हे पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी पाठवलं असतं तर अक्षर कोणाचं म्हणून तुझ्या बायकोनं विचारलं असतं, आणि तू काहीतरी थाप मारली असतीस. तेवढी तुझी तसदी वाचवली. पत्र लांबणार आहे, तेव्हा चहा सांग आणि दार लावून घे.

धम्मपाल गेला. ऑगस्टच्या शेवटी. कारखान्यात क्रेननं उचललेलं कास्टिंग त्याला येऊन लागलं आणि तो जागेवरच गेला. हे तुला कळलेलं आहे. तू आला नाहीस, दोन ओळीही लिहिल्या नाहीस, पण त्या तक्रारीसाठी मी पेन उचललेलं नाही. कारखान्याचं म्हणणं आहे की तो प्यायलेला होता. माझा भाऊ, राजवीर! ज्यानं पंचशीलातलं पाचवं शील आमच्या आळीतल्या निम्म्या माणसांना घ्यायला लावलं, तो. माणूस गेला तो गेला, त्याला कोणी आणून देणार नाही. पण तो दारूच्या नशेत मेला असं जर चौकशीच्या कागदावर चढलं, तर त्याची पोरगी मोना तेच ऐकत मोठी होणार. मला ते होऊ द्यायचं नाही. सकाळी उठल्यापासून माझ्या डोक्यात एवढं एकच असतं.

बाकी मी ठीक. आपल्याच कॉलेजात शिकवते, हे तुला माहीत आहे. ज्या लॅबमध्ये आपण उभं राहून पाय दुखवून घेतले तिथं आता मी खुर्चीवर बसते, एवढीच माझी प्रगती. आज दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं. तेच आपलं, ट्रान्सफॉर्मर कपल्ड अॅम्प्लिफायरचं. पुस्तकातली व्याख्या मुलांच्या डोक्यावरून जाते, म्हणून मी त्यांना सरळ सांगते: जनरेटरमधून एक बारीक सूर आत सोडायचा. तो सगळ्यात खालच्या पट्टीपासून सगळ्यात वरच्या पट्टीपर्यंत हळूहळू चढवत न्यायचा. आत जाताना तो दर वेळी तेवढाच ठेवायचा आणि बाहेर किती मोठा होऊन येतो ते मोजायचं. यंत्र सगळ्या सुरांना सारखा न्याय देत नाही. काही वाढवतं, काही गिळून टाकतं. कुठले गिळतं ते शोधायचं, झालं प्रॅक्टिकल. मुलांनी माना डोलावल्या आणि बघता बघता सगळ्यांचे आलेख माझ्या टेबलावर आले, एकजात गुळगुळीत. जनरेटर तर दोनच टेबलांवर चालू होते. मी त्यांना घरी पाठवलं आणि हे लिहायला बसले.

आपल्या वेळी तरी काय वेगळं होतं? ब्याण्णव-त्र्याण्णवचं ते वर्ष आठव. आपल्या बॅचमध्ये त्याला ‘उलटं रीडिंग’ म्हणायचे. आधी सीनियरच्या जर्नलातला आलेख गिरवायचा, मग त्याच्यावरचे बिंदू वाचून तक्ता भरायचा. मोजायचं नावच नाही. आणि त्या विद्येतला तू मोठा पंडित. नवशिके बिंदू थेट रेषेवर मांडून पकडले जायचे. तू ते मुद्दाम जरा वर, जरा खाली मांडायचास, म्हणजे खरे वाटावेत. मुली तुला डब्यातली पोळी देऊन जर्नल भरून घ्यायच्या. गंमत अशी की कुठल्याशा जुन्या बॅचनं आळसानं आधीच्या प्रयोगाचा, कपॅसिटरवाल्या अॅम्प्लिफायरचा, आलेख ट्रान्सफॉर्मरच्या प्रयोगाला चिकटवला होता, आणि ती चूक वारशासारखी खाली उतरत आली होती. मध्ये सपाट, दोन्ही टोकांना उतार. सगळ्यांचा तोच आणि सरांची सहीही त्यावरच. मी कुरुंदवाडहून एसटीनं येणारी, फी भरली आहे तर यंत्राला हात तरी लावून घ्यावा असं वाटणारी. मी खरोखर मोजत बसले. माझ्या आलेखाला वरच्या टोकाकडं एक टेंगूळ आलं. सरांनी लाल शाईनं ‘पुन्हा करा’ लिहिलं आणि वर्ग खदाखदा हसला.

तूही हसलास. “संघे, तुझ्या अॅम्प्लिफायरला आवाळू झालंय की!” म्हणालास. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, का कोण जाणे, तू माझ्या टेबलाशी येऊन बसलास. “बघू तरी,” एवढंच म्हणालास. सूर वर जाईल तसा त्या जुनाट जनरेटरचा जोर आपोआप कमी होतो, हे तुलाच पहिल्यांदा दिसलं. मग प्रत्येक बिंदूला आधी आत जाणारा सूर तपासायचा आणि मगच बाहेरचा मोजायचा, हा नियमही तूच घातलास. तरी टेंगूळ हटेना. तेव्हा तू शेजारच्या किटमधला ट्रान्सफॉर्मर काढून माझ्या किटला जोडलास. टेंगूळ थोडं पुढं सरकलं, आणि तू टेबलावर थाप मारून ओरडलास, “खरं हाय हे! ह्या ट्रान्सफॉर्मरचंच हाय!” त्याच्या वेटोळ्यांच्या अंगचाच तो गुण, एका ठराविक सुराला ती फुगतात आणि त्याच्या पुढं धाडकन कोसळतात. सरांनी आपला नवा आलेख न बघताच सही केली. मी हिरमुसले, तर तू म्हणालास, सही गेली खड्ड्यात, आपल्याला दिसलं न्हवं? त्या दिवसापासून तू माझा पार्टनर झालास. वर्ष संपेपर्यंत तू एकही उलटं रीडिंग घेतलं नाहीस, याची मी साक्षीदार आहे.

मग तू कुरुंदवाडला यायला लागलास. निमित्त जयंतीचं. आळीचा अॅम्प्लिफायर दर वर्षी ऐन मिरवणुकीच्या आधी बसायचा, आणि तू नि धम्मपाल विहाराच्या पायरीवर तो उघडून बसायचात. धम्मपाल तेव्हा आयटीआयला होता. त्याचा कान असा तिखट, की ट्रान्सफॉर्मर नुसता कुरकुरायला लागला तरी तो मंडपाच्या पलीकडून हाक मारायचा, “राजूदा, गरम झालाय बघ त्यो, बंद कर!” तू हात लावून बघायचास तर खरंच चटका बसायचा. तू त्याला ‘मीटर’ म्हणायचास. आई तुम्हा दोघांना एका ताटात वाढायची आणि तू लाजत नाहीस म्हणून तुझं कौतुक करायची. पन्हाळ्याच्या ट्रिपला तू त्याला बरोबर नेलंस, बिअरची बाटली उघडून त्याच्यापुढं धरलीस, ते आठवतं ना? तो म्हणाला होता, “राजूदा, ती तू पी. तुझ्या वाटणीचा तांबडा मी पितो.” आणि खरोखर तुझी रश्श्याची वाटी संपवली. घरी येऊन हे तूच आम्हाला हसत हसत सांगितलंस. तेव्हा माझा भाऊ पीत होता की नव्हता, हे तुला सांगायची गरज नाही.

डिप्लोमा झाला आणि तू गारगोटीला घरी गेलास, आपल्या दोघांचं आण्णांच्या कानावर घालतो म्हणून. परत आलास तो पुण्याच्या नोकरीचं पत्र घेऊनच. घातलंस की नाही, तुझे वडील काय म्हणाले, मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. आमची जात बोलून दाखवायची वेळ कोणावर आली नाही, सगळं अगदी सभ्यपणानं पार पडलं. मी लग्न केलं नाही याचं कारण तू, असं समजून फुशारून जाऊ नकोस. आईचं दुखणं आणि माझा स्वभाव, एवढी दोन कारणं पुरेशी होती. धम्मपाल मात्र तुझं नाव निघालं की तुझीच बाजू घ्यायचा. माणसाला घर असतं, आक्का, म्हणायचा.

तो फाउंड्रीत लागला. फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल साच्यातून बाहेर आला की त्याच्या कडा ग्राइंडरनं घासायच्या, छिन्नीनं तोडायच्या. तिथला आवाज मी एकदाच ऐकला आहे, दात शिवशिवतात. कानात घालायला बोळे देतात, पण बोळे घातले तर शेजारचा काय ओरडतो ते कळत नाही, म्हणून कोणी घालत नाही. अशी वर्षं गेली. लग्न होऊन अक्षता घरात आली, मोना झाली, घरावरचे पत्रे जाऊन स्लॅब आला. गेल्या हिवाळ्यात अंगणात बसून तो मला म्हणाला, “आक्का, हितल्या चिमण्या कुठं गेल्या गं समद्या?” चिमण्या समोर तारेवर बसून नुसता कलकलाट करत होत्या.

मग एकेक ध्यानात यायला लागलं. कुकरची शिट्टी झाली तरी तो उठायचा नाही, अक्षता चिडायची. मोना काही सांगायला लागली की तिच्या तोंडाकडं बघत बसायचा, आणि ती रुसायची, पप्पा माझं ऐकतच न्हाईत म्हणून. आई म्हणायची, काही झालं नाही त्याच्या कानाला, मी हाक मारली की येतो. आईचा आवाज जाडा, पुरुषी. म्हैस हंबरली, ट्रक गेला, मित्र बोलला, सगळं त्याला ऐकू येत होतं. वरचे सूर तेवढे गेले होते. असा माणूस बहिरा आहे हे कोणाला पटत नाही. त्याला स्वतःलाही पटत नव्हतं.

मे महिन्यात, परीक्षा संपल्यावर, मी त्याला लॅबमध्ये घेऊन आले. जनरेटर घेतला, आपला तो जुना अॅम्प्लिफायर घेतला. तो कुठं फुगतो आणि कुठं गिळतो हे आधी मोजून घेतलं, म्हणजे तेवढं वजा करता यावं. प्रत्येक सूर आधी माझ्या कानावर आणि मग आमच्या ऑफिसातल्या तानाबाईंच्या कानावर लावून बघितला. मग हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला आणि सांगितलं, ऐकू आलं की बोट वर कर. हजार हर्ट्झच्या सुरापर्यंत बोट झटकन वर. दोन हजारांना आवाजाचं बटण बरंच फिरवावं लागलं. चार हजारांना मी ते शेवटपर्यंत नेलं. हेडफोन त्याच्या कानावर, तरी तो सूर मला टेबलाच्या अलीकडं बसून टोचत होता, आणि तो पंख्याकडं बघत हसत होता. “चालू कर की आक्का,” म्हणाला. मी पाठ वळवून प्लग बघितल्यासारखं केलं.

आलेख मी त्याच्या पुढ्यातच काढला. त्यानं त्या खड्ड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “मग राजूदानं कसं काय बरोबर काढलं?” तेव्हा मला शिबिराचं कळलं. तुमच्या कंपनीनं जानेवारीत त्यांच्या कारखान्यात आरोग्यतपासणी केली होती, आणि कानांचं खातं तुझ्याकडं होतं. मशीन कँटीनमध्ये मांडलेलं, भिंतीपलीकडं कॉम्प्रेसर चालू. तुला बघून त्याला कोण आनंद झाला! तू त्याला मिठी मारलीस, आईची चौकशी केलीस, माझीही केलीस म्हणे. रांग मोठी होती आणि शिफ्ट सुटायच्या आत सगळं उरकायचं होतं. तो तुझ्या कानाशी लागला, “राजूदा, कमी दावलंस तर काढत्यात रं. जरा बघ की.” त्याच्या खात्यातला एकजण तसाच घरी बसलेला होता, म्हणून ही भीती. आणि तू हसून म्हणालास, “तुझं कान मला ठावं हाईत, मीटर.” हेडफोन त्याच्या डोक्यावर चढलेच नाहीत. तू बिंदू मांडलेस, जरा वर, जरा खाली. हे तू मायेनं केलंस, मला माहीत आहे. त्याच्या मागच्या रांगेचंही तू तसंच केलंस. तिथं माया नव्हती, घाई होती.

त्याला मी कानाच्या डॉक्टरकडं चल म्हटलं. डॉक्टरचा कागद झाला की नोकरी गेली, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं, रजा मिळू दे मग जाऊ म्हणत राहिला. शेवटी जूनमध्ये मीच कारखान्यात गेले, तो नको नको म्हणत असताना. त्याला ग्राइंडरवरून काढून दुसरं कुठलंही काम द्या, क्रेनच्या वाटेत उभा करू नका, एवढंच माझं मागणं. तिथल्या पर्सोनेलच्या साहेबांनी माझा आलेख बघितला, चहा पाजला, आणि फाइलमधून तुझा काढून शेजारी ठेवला. “मॅडम, हे कानाचं मशीन आहे, तुमचं रेडिओचं. तज्ज्ञांनी नॉर्मल दिलंय.” खाली तुझी सही. मी तुझ्या ऑफिसला फोन केला. तू फिरतीवर होतास, तिथल्या मुलीनं नाव आणि नंबर लिहून घेतला. पुन्हा केला, पुन्हा लिहून घेतला. तुझा फोन आला नाही. निरोप पोचला नसेल, असं मी माझीच समजूत घालत राहिले. धम्मपाल म्हणायचा, राजूदा कामात असंल, करंल की. त्याचा तुझ्यावरचा विश्वास शेवटपर्यंत गेला नाही.

त्या दिवशी क्रेन माल घेऊन त्याच्या पाठीमागून आली. त्या खात्यात क्रेनच्या पुढं एक माणूस शिट्टी मारत चालतो. गोंगाटावर शिट्टीच चढते म्हणून. सगळे बाजूला झाले. धम्मपाल वाकून कडा घासत राहिला. सयाजी म्हणून त्याचा जोडीदार आहे, तो मला सांगताना रडला, “आक्का, शिट्टी अशी वाजली की मढं उठलं असतं. ह्यो न्हाय हलला.” आता सगळ्यांचं एकच म्हणणं, सकाळी चहाला हा आपल्याशी चांगला बोलत होता, बहिरा कसला? त्यात अंगाला वास येत होता म्हणे. साच्याला लावायच्या काळ्या रंगात स्पिरिट असतं, त्या शेडमधल्या मांजराच्या अंगालाही तो वास येत असेल. पण कोणीतरी ‘वास’ एवढं लिहून घेतलं आणि पुढचं वाक्य आपसूक तयार झालं. रक्त तपासायचं राहून गेलं, असं सांगतात.

त्याच्या जलदानविधीला विहारात माणसं खूप आली. जेवणाच्या पंगतीत कुजबुज होतीच: लोकांना शील शिकवायचा आणि आतून हे असं. कोणाकोणाच्या तोंडाला हात लावणार? अक्षताला एकदा क्षणभर वाटून गेलं की खरंच घेत असतील का, आपल्याला कळलं नसेल का. हे तिनं मला स्वतः सांगितलं आणि मग स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतल्या. मी तिचे हात धरून बसले. मोनाला शाळेत एका पोरीनं ऐकवलं आणि ती येऊन मला विचारते, “आत्या, बेवडा म्हंजे काय?” आईला दारूचं कोणी सांगितलेलं नाही. ती भिंतीला टेकून बसते आणि एकच म्हणते, म्या तितं असती आन् हाक मारली असती तर सरकला असता. खरं आहे ते, राजवीर. आईची हाक त्याला ऐकू आली असती.

गेल्या महिन्यात आमच्या वकिलांना चौकशीचे कागद बघायला मिळाले. त्यात तुझा जबाब आहे. ‘सदर कामगाराची श्रवणशक्ती मी स्वतः मोजली असून ती सामान्य होती.’ ते वाक्य वाचेपर्यंत मला तुझा राग आला नव्हता, वाईट वाटत होतं. तो आलेख तू त्याच्यासाठी काढलास, हे मी समजू शकते. हा जबाब कोणासाठी दिलास? तुझी बायको, मुलं, नोकरी, सगळं मला दिसतं. तू खरं बोललास तर तुमच्या कंपनीची सगळी शिबिरं उघडी पडतील, हेही दिसतं. पण कान चांगले होते म्हटलं की शिट्टी ऐकू आली होती असं होतं, आणि ऐकू येऊनही हलला नाही म्हटलं की दारूच उरते. पन्हाळ्याला जी बाटली त्यानं तुझ्या हातून घेतली नाही, ती तू त्याच्या मढ्याच्या हातात दिलीस. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खोडणार नाही.

सयाजी आणि गुंडू, दोघेही त्याच खात्यातले, लपतछपत लॅबमध्ये येऊन गेले. मी त्यांचे कान मोजले. दोघांनाही चार हजारांच्या आसपास तसाच खड्डा, सयाजीचा जरा कमी. मग हिय्या करून त्यांना कानाच्या डॉक्टरकडं नेलं, त्यांच्या मशीनवरही तेच आलं. तुझ्या कागदावर दोघेही नॉर्मल आहेत. ते अजून रोज त्याच क्रेनच्या वाटेत उभे राहतात आणि एकमेकांवर नजर ठेवून काम करतात.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. येत्या गुरुवारी चौकशीत माझी साक्ष आहे. मी सगळं सांगणार आहे. शिबिर कसं झालं, धम्मपालनं तुला काय विनवलं, कारण तेही झालंच होतं, आणि तू न मोजता बिंदू कसे मांडलेस. काल आमच्या वकिलांनी मला बजावून ठेवलं की कारखान्याचा वकील एक प्रश्न नक्की विचारणार: या राजवीरचा आणि तुमचा संबंध काय होता? फिसकटलेल्या प्रेमाचा ही बाई सूड घेते आहे, असं त्यांना दाखवायचं आहे. आपल्या बॅचमध्ये ते कोणालाच ठाऊक नव्हतं. धम्मपालला होतं, आणि तुला. तेव्हा त्यांना ते कोणी सांगितलं, हे मी तुला विचारत नाही. वकील म्हणाले, एका वर्गात होतो, एवढंच सांगा, पुढं गप्प राहा. मी नाही म्हटलं. भावाच्या कानांबद्दल खरं सांगायला उभं राहायचं आणि स्वतःबद्दल उलटं रीडिंग द्यायचं, हे मला जमणार नाही. मी हो म्हणणार आहे. माझं त्यांच्यावर प्रेम होतं, मला त्यांच्याशी लग्न करायचं होतं, ते झालं नाही. जे मी तुला आजवर तोंडानं कधी बोलले नाही, ते गुरुवारी परक्या माणसांपुढं, अक्षतापुढं, कारकुनाला नीट लिहून घेता यावं इतक्या सावकाश बोलणार आहे. ते तुला त्या वकिलाकडून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र. आपला जबाब बदलायला येणार असशील तर जरूर ये. नुसतं ते ऐकायला येऊ नकोस.

गुरुवारनंतर असं लिहिता येणार नाही, म्हणून आज एकदाच,

तुझीच,
संघप्रिया